गंधपेटीला कुंकू

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव कोमल ठेवलं तेव्हा ती पाळण्यात होती, त्यामुळे ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. ही बाई भर दुपारी बिरोबाच्या माळावर पालथी पडते, डोळ्याला भिंग लावते आणि एका फुलापुढं तासन्‌तास हलत नाही. अंगावरून मुंगळे गेले तरी हूं की चूं नाही. डॉक्टरेट झाली, परदेशातून बोलावणी आली, तरी फिरून आली ती आमच्याच माळावर. गावात कुणी विचारलं, "बहीण काय करते?" तर मी सांगायचे, "माश्या मारते." लोक हसायचे. कोमलही हसायची.

हा माळ सांगोल्याच्या पुढं आहे. बाहेरून आलेल्याला तिथं काहीच दिसत नाही. मुरूम, कुसळी गवत, चार बोरी-बाभळी आणि वर एखादी घार. आमचे आबा तिथं मेंढरं राखायचे आणि शाळा सुटली की आम्ही दोघी त्यांच्या मागं. खर्चुडीची ओळख तिथलीच. गवतात दडलेली बारीक वेल आणि तिच्याखाली लहानसा कंद. तो आम्ही खणून खायचो, त्यामुळे माळावरून खर्चुडी का कमी झाली याचं थोडं उत्तर आमच्या पोटातच आहे. मी कंद खाल्ला आणि विसरून गेले. कोमलनं कंद खाल्ला आणि मग वेलीचं फूल बघितलं.

त्या फुलाचं मला आजही कौतुक वाटतं. कंदिलासारखं दिसतं ते. खाली फुगीर, मधे नळी, वर टोकाला जुळलेल्या पाकळ्या. त्याच्याकडं माशीला देण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून ते वास सोडतं, आणि तोही फुलाचा नाही. जखमी किड्याच्या अंगातून जे पाणी गळतं, त्याचा. धड दिसणार नाही अशी एक बारकी माशी त्या पाण्यावर जगते. वासानं ती येते, नळीतून आत उतरते आणि अडकते, कारण नळीतले केस खाली वळलेले असतात. आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. रात्रभर ती आत धडपडते आणि परागांची पुडी तिच्या तोंडाला चिकटते. सकाळी केस सुकतात आणि माशी सुटते. पुढच्या कंदिलात ती पुन्हा फसते आणि तेवढ्यावर खर्चुडीचा वंश चालतो.

कोमल माळावर कामाला लागली तेव्हा वेली इतक्या लांब लांब उरल्या होत्या, की एका फुलातून सुटलेल्या माशीला दुसरं फूल सापडेना. शेंगा धरेनात. म्हणून तिनं गंधपेटी बनवली.

पेटी कशी चालते ते तिनं मला माझ्याच चुलीपुढं समजावलं होतं. वास म्हणजे एक वस्तू नव्हे. एका फुलाच्या वासात कितीतरी रसायनं असतात आणि कोणतं किती यावर सगळं ठरतं. तिखट-मीठ तेच, पण हात बदलला की आमटी बदलते, तसं. पेटीला दोन भोकं. एका भोकातून ती हवा हुंगते आणि त्यातलं एकेक रसायन ओळखून त्याचं प्रमाण काढते. आत बारीक कुप्यांची रांग असते. त्यांतून त्याच प्रमाणात थेंब मिसळून दुसऱ्या भोकातून तोच वास बाहेर सोडते. हुंगणं मात्र चालूच ठेवते, म्हणजे हवेत वास जास्त झाला तर हात आखडता घेता येतो. हुंगायचं भोक बंद पडलं तर पेटी वास सोडणंच थांबवते. "आपण काय सोडतोय ते कळत नसेल, तर सोडूच नये," कोमल म्हणाली होती.

एका वेलीपासून दुसरीपर्यंत तिनं अशा पेट्या मांडल्या आणि माशीसाठी वासाची पायवाट तयार केली. त्या पावसाळ्यात बऱ्याच वर्षांनी खर्चुडीला शेंगा धरल्या. शिंगांच्या जोडीसारखी एक शेंग घेऊन ती पळत माझ्या दारात आली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि शेंग बघायच्या आधी मी तिचं तोंड बघत राहिले. एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता.

आणि मग मी माझ्या धंद्याचं बोलले. "कोमे, हिच्यानं मधमाश्या बोलावता येतील का गं?"

मी डाळिंबवाली. स्वप्नाली गडदे, आमच्या भागातल्या डाळिंब संघाची अध्यक्ष. त्या दिवसांत आमच्या बागांची दैना झाली होती. उन्हाळे वाढत गेले, फवारण्या वाढत गेल्या आणि माश्या बागेत फिरकेनाशा झाल्या. डाळिंबाचं फूल दिसायला लालभडक, पण त्याला वास जवळजवळ नाही आणि मधही बेताचाच. हाताशी दुसरं काही असेल तर माशी त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. बायका लावून कुंचल्यानं पराग फिरवायची वेळ आली होती.

कोमलनं विचार करून तुंब्याचा वास निवडला. महादेवाला वाहतात तो पांढऱ्या फुलांचा तुंबा. पावसाळ्यात माळ त्यानं भरून जातो आणि माळावरच्या झाडून सगळ्या माश्यांचं ते आवडतं जेवण. फेब्रुवारीत बागेला फूल आलं, आम्ही माळाकडच्या बांधावर पेट्या ठेवल्या आणि सकाळी मी बागेत गेले तर झाडं गुणगुणत होती. फांदीला बारकं पोळं करणाऱ्या फुलोरी माश्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या निळ्या पट्ट्याच्या माश्या, काळे भुंगे. सगळे तुंब्याच्या आशेनं आले होते आणि तुंबा नाही म्हणून डाळिंबावर बसत होते. त्या वर्षी अशी फळं लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

डाळिंबाला बहार कधी धरायचा ते शेतकऱ्याच्या हातात असतं. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार. त्याला उन्हाळाभर पाणी लागतं आणि माझं शेततळं निम्म्याच बागेला पुरायचं, उरलेली बाग नुसती उभी. पावसाच्या शेवटी फुलतो तो हस्त बहार. त्याला पाण्याची ददात नाही. माझी फळं बघून संघातल्या बाकीच्या सगळ्यांनी पेट्या मागवल्या आणि त्याच वर्षी हस्त धरला. माळाच्या चारी बाजूंनी पेट्या तुंब्याचा वास सोडत बसल्या. सगळ्यांच्या बागा लगडल्या. सत्कारात कोमलला फेटा बांधला, तो तिच्या कानांवरून खाली आला.

त्याच वर्षीची, हस्त फुलायच्या आधीची बेंदराची गोष्ट इथंच सांगायला पाहिजे. बेंदूर म्हणजे आषाढातला बैलांचा सण. पण आता आमच्याकडं बैल पोरांना मोबाइलवर दाखवावा लागतो. म्हणून माझ्या सासूबाई, हिराबाई, बेंदराला घरातल्या यंत्रांना ओवाळतात. ट्रॅक्टर झाला, फवारणीचा ड्रोन झाला, मग त्या ताट घेऊन बांधावर गेल्या. पेटीला दोन भोकं, त्यामुळं नाक कुठलं आणि तोंड कुठलं असा प्रश्न त्यांना पडला असावा. त्यांनी वरच्या भोकावर सढळ हातानं ओलं हळदीकुंकू लावलं. आमची फळं तोवर तोडणीला आलेली, पेट्यांची गरज संपलेली, त्यामुळे पुढं त्यांच्याकडं कुणी बघितलंही नाही.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये कोमल माझ्या दारात आली, पण या वेळी पळत नाही. मी त्या वर्षी आंबे बहार सोडला होता आणि सगळ्या बागेला हस्तासाठी ताण दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझी पूर्ण बाग फुलणार होती.

"आक्का, माळावर चल," ती म्हणाली.

"पाऊस चिकचिक करतोय."

"चल म्हणते ना."

माळ हिरवागार होता. माझ्या डोळ्याला सगळं ठीक दिसलं आणि मी तसं बोलून बसले.

"हे नुसतं गवत हाय, आक्का. गवताला वारा पुरतो," कोमल म्हणाली. "फूल दाव मला एक."

मी बघायला लागले. तुंबा नव्हता. निळी, पिवळी बारकी फुलं, ज्यांची नावं मला कधी आली नाहीत पण जी पायाखाली असायचीच, ती नव्हती. तुरळक कुठं एखादं. कोमलनं मला समजावलं. तुंबा एका पावसाचा सोबती. मागच्या वर्षी ऐन फुलोऱ्यात सगळ्या माश्या वासामागं बागांत गेल्या. माळावरच्या फुलांना बी धरलं नाही. हे जे चार तुंबे दिसतात ते जमिनीत पडलेल्या जुन्या बियांचे. आणखी एखादं वर्ष निघतील, मग संपलं. माश्यांचंही तेच. बागेत त्यांना वास मिळाला, जेवण मिळालं नाही. अर्धपोटी माशी पिल्लांना काय भरवणार? बिळं रिकामी पडायला लागली होती.

"मग तर तुमच्या बागांनाबी माश्या उरायच्या न्हाईत," ती म्हणाली. "पण ते तुम्हांला दोन वर्षांनी कळंल."

मग ती मला माझ्याच बांधाकडं घेऊन आली, आणि तिथं पाहते तर बांधाला लागून माळाचा एक पट्टा पांढराशुभ्र. तुंबाच तुंबा, आणि त्यावर माश्यांची गर्दी.

"हितंच का?" कोमल म्हणाली. "आठ दिवस मला झोप न्हाई. माती तीच, पाऊस तोच. मग तुझ्या पेट्या उघडल्या." तिनं हात पुढं केला. तळहातावर लाल-पिवळा, वाळून दगड झालेला गोळा होता. "बेंदराचं कुंकू. पेटीचं नाक बुजलं आणि पेटी गप्प बसली, म्हणून हितल्या माश्या हितंच ऱ्हायल्या. तुझ्या सासूबाईंनी माझा प्रयोग केला, आक्का. मला सुचायला पाहिजे होता तो."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. माझी बहीण आबा गेले तेव्हा सोडून रडलेली मला आठवत नाही. मला तिची पेटी करण्याची हुशारी माहीत होती. पण स्वतःच्या हातानं केलेली, तालुक्यानं डोक्यावर घेतलेली वस्तू चुकली हे माळाच्या एका पट्ट्यावरून ओळखायचं आणि ते स्वतः येऊन सांगायचं, याला वेगळी छाती लागते. मला तिचा फार अभिमान वाटला. आणि ती पुढं काय मागणार तेही मला कळलं.

"यंदा हस्त धरू नका. कुणीच. आंबे बहारच धरा, त्या वक्ताला माळ वाळलेला असतो, माश्यांना तुमच्या फुलांचा आधारच होईल."

"माझी बाग ताणावर हाय, कोमे. आंबे बहारबी सोडलाय मी. हस्त सोडला तर वर्ष रिकामं जातंय."

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

संघाची बैठक फळं भरायच्या शेडमध्ये, पॅकहाउसमध्ये झाली. कोमलनं सगळं मांडलं. उपाध्यक्ष दत्ता अण्णा येलपले शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नाही, पण बागेपलीकडं बघायची सवय नाही.

"ताई, माश्या माळाच्या म्हणताय. माळ काय त्यांना दाणं टाकतो का?"

"टाकतो, अण्णा. तुंब्यात मध असतो. तुम्ही नुसता वास टाकता."

"बरं. पण एक सांगा," अण्णा म्हणाले. "पेट्यांत कुठला वास सोडायचा ते तुमच्या कॉम्प्युटरवरनं ठरतंय. तुम्हांला पटत नसंल तर बंद करून टाका की. आम्हांला इचारताय कशाला?"

सगळ्यांनी कोमलकडं बघितलं. ती हे खरंच करू शकते हे बऱ्याच जणांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"मी बंद केल्या तर तुम्ही दुसरीकडनं आणाल," कोमल म्हणाली. "पेटी आता कुणालाबी करता येती. मला बटण दाबायचं नाही, अण्णा. मला तुमचा शब्द पाहिजे. खर्चुडीबी माशीला फसवती. पण सकाळ झाली की सोडती, म्हणून तर माशी हजारो वर्षं टिकली आणि खर्चुडीबी. आपण फसवतोय आणि सोडतच न्हाई."

शब्द कुणी दिला नाही. "बघू, विचार करू," असं म्हणत लोक उठले. मीही अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढं फुललेली पूर्ण बाग होती.

आमच्याकडं रीत अशी की हंगामाचं पहिलं पाणी अध्यक्षाच्या बागेत सुटतं. सगळा संघ जमतो, व्हॉल्व्हपाशी नारळ फुटतो, मग जो तो आपापल्या बागेत जाऊन पाणी सोडतो. त्या सकाळी माणसं नटूनथटून आली होती. पानगळ झालेली माझी झाडं काटक्या होऊन उभी होती, पाण्याची वाट बघत. कोमलही आली होती. मला वाटलं होतं ती येणार नाही. ती मागं, सासूबाईंच्या शेजारी उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी नारळ फोडला. पाणी व्हॉल्व्हवर शिंपडलं. हात चाकावर ठेवला.

बांधापलीकडं तो पांढरा पट्टा दिसत होता. एवढ्या मोठ्या माळावर तेवढंच उरलं होतं, आणि तेही सासूबाईंच्या भाबडेपणानं. मी डाळिंबाची बाई आहे, मला पीक कळतं. बियाण्यापुरतं उरलेलं कुणी खात नाही, एवढं मला आबांनी शिकवलं होतं. लहानपणी खर्चुडीचा कंद खणतानासुद्धा ते ओरडायचे, एक तरी जमिनीत राहू द्या.

मी चाकावरचा हात काढला. सासूबाईंच्या हातातलं ताट घेतलं आणि बांधावर चालत गेले. हंगामासाठी पेटी साफ करून पुन्हा लावलेली होती. मी हळदीकुंकू चांगलं ओलं कालवलं आणि तिच्या हुंगायच्या भोकात बोटानं दाबून भरलं.

"वहिनी, पाणी?" दत्ता अण्णांनी मागून विचारलं.

"यंदा न्हाई सोडत," मी म्हणाले. "फेब्रुवारीत सोडीन. तळ्यातलं पाणी पुरतं तेवढी झाडं ठेवीन आणि उरलेली काढीन."

"अन् वर्ष?"

"वर्ष जाईल, अण्णा."

 धनाजी, माझा नवरा, बांधावरच खाली बसला. मग सासूबाई पुढं आल्या. त्यांना यातलं निम्मंही कळलेलं नव्हतं, पण सून पूजा करते आहे आणि ताटात कुंकू आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी दुसऱ्या पेटीला कुंकू लावलं. मग येलपले वहिनी आल्या, अण्णांच्या पत्नी. त्यांनी चिमूटभर कुंकू कागदात बांधून घेतलं. "आमच्याबी पेट्यांना लावते," म्हणाल्या. मागोमाग बाकीच्या बायकांनी हात पुढं केले. अण्णांनी बायकोच्या हातातल्या पुडीकडं बघितलं आणि टोपी सारखी केली. बायकोनं यंत्राला कुंकू लावायचं नाही, असं सांगणारा पुरुष आमच्या भागात अजून जन्मायचा आहे.

सगळ्यांनीच ऐकलं असं नाही. काही बागांत हस्त फुलला, पेट्या चालल्या. पण बरेच वास गप्प झाले आणि त्या शरदात माळावर पुन्हा गुणगुण ऐकू आली. पुढच्या बैठकीत संघानं शब्द दिला आणि मग कोमलनं पेटीला नवीन शिकवण दिली. पेटीच्या नाकाला हवेत खरा तुंबा लागला की ती आपोआप मुकी होते. माळ वाळला की पुन्हा बोलायला लागते. आता कुंकवाची गरज नाही, तरी सासूबाई बेंदराला लावतात. फक्त कोमलनं त्यांना पेटीचं कपाळ कुठलं ते दाखवून ठेवलं आहे.

माझी निम्मी झाडं मी काढली. ते वर्ष अवघड गेलं, ते गोड करून सांगणार नाही. झाडं उपटली त्या दिवशी कोमल दिवसभर माझ्याबरोबर होती, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिनं माळावरचं बी टाकलं. आज तिथं तुंबा आहे.

गेल्या श्रावणात तिनं मला सकाळी माळावर नेलं. आता खर्चुडीला वासाची पायवाट लागत नाही, वेली एकमेकींच्या हाकेवर आहेत. "पालथी हो," ती म्हणाली. माझे गुडघे पन्नाशीचे, तरी झाले. तिनं भिंग हातात दिलं. कंदिलाच्या नळीतले केस सुकून भिंतीला चिकटले होते. खालून काहीतरी हललं. एक कणाएवढी माशी चढत वर आली, पाकळीच्या कडेवर थांबली, तिच्या तोंडाला पिवळी पुडी होती. माशी उडाली, आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या कंदिलात शिरली.

"फसली की गं परत," मी म्हणाले.

"फसू दे. उद्या सुटंल," कोमल म्हणाली.

आम्ही तशाच पडून राहिलो. बांधावरून दत्ता अण्णा चालले होते. दोन बाया गवतात पालथ्या पडलेल्या बघून ते थबकले.

"अध्यक्षबाई, काय चाललंय?"

मी भिंगावरचा डोळा काढला नाही.

"माश्या मारतोय, अण्णा," मी म्हणाले. "या तुम्हीबी."

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं, चपला काढल्या आणि आमच्या शेजारी गवतात आडवे झाले.